अतिनिम्न वारंवारतेच्या हौशी रेडिओसाठी घरगुती अँटेना : उभारणी आणि अर्थिंग

गोषवारा

अतिनिम्न वारंवारतेच्या रेडिओ लहरींची तरंगलांबी दहा ते शंभर किलोमीटर असते. घराच्या आवारात उभारलेला कोणताही अँटेना या मापापुढे नगण्य ठरतो. त्याचे कार्य समजून घेताना तारेइतकाच जमिनीचाही विचार करावा लागतो. व्यवहारात 'अर्थिंग' हा एकच शब्द तीन निरनिराळ्या कामांसाठी वापरला जातो : अँटेनातील प्रवाहाचा परतीचा मार्ग, संदेशाच्या मोजणीचा शून्यबिंदू आणि विजेच्या धक्क्यापासून संरक्षण. ही तीन कामे वेगळी न ओळखल्यामुळे अँटेना निकामी होतो आणि कधी कधी जीवितालाही धोका संभवतो. प्रस्तुत लेखात या तीन कामांचे विवेचन दख्खनच्या मातीच्या संदर्भात केले आहे.

बीजसंज्ञा : अतिनिम्न वारंवारता, हौशी रेडिओ, अर्थिंग, रोधकता, आयनांबर

प्रस्तावना

तमिळनाडूच्या तिरुनेलवेली जिल्ह्यात विजयनारायणम येथे भारतीय नौदलाचे 'आयएनएस कट्टबोम्मन' हे प्रक्षेपण केंद्र ऑक्टोबर १९९० मध्ये कार्यान्वित झाले. पाण्याखाली असलेल्या पाणबुड्यांना संदेश पाठविणे हे त्याचे काम. 'व्हीटीएक्स' या संकेतनामाने ओळखले जाणारे त्याचे प्रक्षेपण १८.२ किलोहर्ट्झवर होते. दहा मेगाहर्ट्झची लघुलहर समुद्राच्या पाण्यात आठ सेंटिमीटर जाईपर्यंत क्षीण होते. १८.२ किलोहर्ट्झची लहर तितकीच क्षीण होण्यास सुमारे दोन मीटर खोली लागते. शिवाय जमीन आणि आयनांबर यांच्यामधील पोकळीत ही लहर एखाद्या बोगद्यातून जावी तशी हजारो किलोमीटर प्रवास करते. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकावरील १९.८ किलोहर्ट्झचे एक मेगावॅट शक्तीचे केंद्र भारतात सहज नोंदविता येते, ते याच कारणामुळे.

नौदलाच्या या संदेशांचा अर्थ सांकेतिक असतो आणि हौशी अभ्यासकाला त्याच्याशी कर्तव्यही नसते. त्याला हवी असते ती लहरीची तीव्रता. सूर्यावर ज्वाला उसळली की क्ष-किरणांमुळे आयनांबराचा सर्वांत खालचा थर अधिक आयनीभूत होतो आणि ग्रहण केलेल्या लहरीची तीव्रता काही मिनिटांत बदलते. सूर्योदय, सूर्यास्त आणि ग्रहण यांचीही स्पष्ट खूण आलेखावर उमटते. २२ जुलै २००९ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी कोलकात्याच्या भारतीय अवकाश भौतिकी केंद्राने देशातील अनेक ठिकाणांहून व्हीटीएक्सची नोंद घेण्याची मोहीम राबविली होती. महाविद्यालयाच्या दृष्टीने या प्रयोगाचे मोठे आकर्षण म्हणजे त्याचा खर्च. ४८ हजार नमुने दर सेकंदाला घेणारे संगणकाचे साधे साउंड कार्ड तत्त्वतः २४ किलोहर्ट्झपर्यंतचे संकेत नोंदवू शकते, म्हणजे स्वतंत्र ग्राहकयंत्राचीही गरज उरत नाही. गरज असते ती फक्त योग्य अँटेनाची, आणि प्रयोग बहुधा तिथेच फसतो.

तार की धारित्र?

रेडिओच्या पाठ्यपुस्तकात अँटेनाची ओळख पाव तरंगलांबीच्या उभ्या तारेने करून दिली जाते. १८.२ किलोहर्ट्झसाठी ही पाव तरंगलांबी चार किलोमीटरहून अधिक भरते. विजयनारायणम येथील सुमारे ४७१ मीटर उंचीचा मनोराही तिच्या नवव्या हिश्शाइतकाच आहे. मग घरावरील दहा मीटरच्या तारेला अँटेना तरी का म्हणावे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. या वारंवारतेला ती तार खरे पाहता एका धारित्राची वरची पाटी असते. खालची पाटी म्हणजे जमीन.

युरोप-अमेरिकेतील काही हौशी मंडळी या पट्ट्यात केवळ ग्रहण न करता प्रक्षेपणही करतात. जर्मनीसह काही देशांत ९ किलोहर्ट्झच्या खालील पट्टा कोणत्याही सेवेला नेमून दिलेला नव्हता. तेथील एका हौशी प्रक्षेपकाने २०१० च्या सुमारास पतंगाने उंच नेलेल्या तारेतून ८.९७ किलोहर्ट्झवर प्रक्षेपण केले. २०१२ च्या जागतिक रेडिओ परिषदेने ८.३ ते ११.३ किलोहर्ट्झ हा पट्टा हवामानशास्त्रीय निरीक्षणांना दिल्यानंतर ही मंडळी ८.२७ किलोहर्ट्झकडे सरकली. भारतातील हौशी परवान्याने ज्या पट्ट्यांत प्रक्षेपण करता येते त्यांत याचा समावेश नाही. त्यामुळे पुढील आकडेमोड येथे अनुकरणासाठी दिलेली नाही. जमिनीचे पहिले काम तिच्यातून जितके स्वच्छ दिसते तितके ग्रहणाच्या उदाहरणातून दिसत नाही, एवढ्यासाठीच ती उपयोगाची आहे.

दहा मीटर उभी तार आणि तिच्या माथ्यावर तीस मीटर आडवी तार, असा घरगुती अँटेना घेऊ. उभ्या तारेची धारकता दर मीटरला सुमारे ६ पिकोफॅरड आणि आडव्या तारेची सुमारे ५ पिकोफॅरड धरली तर एकूण २१० पिकोफॅरड होतात. ८.२७ किलोहर्ट्झला या धारित्राचा विरोध सुमारे ९२ हजार ओहम भरतो. तो रद्द करून अनुस्पंदन साधण्यासाठी १.७६ हेन्रीचे वेटोळे लागते. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या ड्रमवर ०.४ मिलिमीटर जाडीच्या तारेचे सुमारे चोवीसशे वेढे घेतले की ते तयार होते. तीन किलोमीटर तार, म्हणजे जवळजवळ साडेतीन किलो तांबे, त्यात खर्ची पडते. या वेटोळ्याचा स्वतःचा रोध सुमारे ४५० ओहम आणि जमीन, झाडे, भिंती यांतील व्यय २५० ओहम धरला, तर एकूण ७०० ओहम झाले. याउलट अँटेनाचा उत्सर्जनरोध, म्हणजे ज्याच्यामुळे ऊर्जा खरोखर आकाशात जाते तो भाग, केवळ ०.००००९ ओहम असतो.

०.३ अँपिअर प्रवाह सोडला तर ६३ वॅट खर्च होतात आणि सुमारे ८ मायक्रोवॅट उत्सर्जित होतात. उरलेली सर्व शक्ती वेटोळे आणि माती तापविण्यात जाते. तारेवर त्याच वेळी २७ हजार व्होल्टांहून अधिक दाब असतो. हे आकडे पाहून उद्योग हास्यास्पद वाटेल. पण इतक्या क्षीण लहरी अटलांटिक महासागरापलीकडे नोंदविल्या गेल्या आहेत. त्यामागे जादू नाही. प्रक्षेपक आणि ग्राहक यांची घड्याळे उपग्रहांच्या वेळेला बांधली आणि एकच सूर तासन् तास प्रक्षेपित केला की गोंगाटाची सरासरी शून्याकडे जाते आणि सुराची जात नाही. एका सेकंदाऐवजी एक तासाची बेरीज घेतली तर संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर ३६०० पटींनी सुधारते.

या आकडेमोडीतून एक अनपेक्षित गोष्ट निघते. पुष्कळ सळया ठोकून जमिनीचा व्यय २५० वरून १२५ ओहमवर आणला, तर तेवढ्याच प्रवाहासाठी ६३ ऐवजी सुमारे ५२ वॅट लागतील. आकाशात जाणारी शक्ती मात्र तेवढीच राहील. तेच श्रम उभी तार दहाऐवजी पंधरा मीटर करण्यात घातले, तर उत्सर्जन दुप्पट होते आणि धारकता वाढल्याने तारेवरील दाबही कमी होतो. जमिनीत तांबे पुरण्याआधी वर बांबू वाढवावा, हे साधे सूत्र हौशी लेखनात दुर्लक्षित राहिलेले आहे. परतीचा मार्ग म्हणून जमीन आवश्यक आहे, पण या कामात तिची गुणवत्ता दुय्यम आहे. पुढील दोन कामांबाबत तसे म्हणता येणार नाही.

माती

जमिनीत ठोकलेल्या सळईचा रोध मुख्यतः भोवतालच्या मातीच्या रोधकतेवर ठरतो. तीन मीटर लांब आणि १६ मिलिमीटर जाड सळई घेतली तर तिचा रोध ओहममध्ये मातीच्या रोधकतेच्या साधारण एक-तृतीयांश येतो. रोधकता १०० ओहम-मीटर असेल तर सुमारे ३३ ओहम, १००० असेल तर सुमारे ३३५ ओहम. सळईची जाडी वाढवून फारसा फरक पडत नाही, कारण जाडी सूत्रात लॉगरिदमच्या आड दडलेली असते. लांबी वाढविणे किंवा निदान लांबीइतक्या अंतरावर दुसरी सळई ठोकून जोडणे हाच उपाय.

महाराष्ट्रात हे प्रकरण ऋतूंशी बांधलेले आहे. काळी माती ओली असताना उत्तम वाहक असते. तीच एप्रिल-मेमध्ये आक्रसून भेगाळते आणि सळईभोवती बोटभर पोकळी पडते. मग सळई जमिनीत असूनही जमिनीला टेकलेली नसते. कोकणातील जांभ्यात आणि दख्खनच्या उघड्या कातळात रोधकता हजाराच्या पुढे जाऊ शकते, तिथे सळई ठोकणेच अशक्य असते. अशा जागी उथळ चरात आडवी पट्टी पुरून वर माती व शेणखत टाकून ती ओली ठेवणे अधिक व्यवहार्य. कोळसा आणि मीठ भरलेला खड्डा ही आपल्याकडची जुनी पद्धत रोध कमी करते खरी, पण मिठाने लोखंड गंजते आणि पावसाने मीठ वाहून जाते. त्या खड्ड्यात पाणी घालण्याची आठवण उन्हाळ्यात कोणी ठेवत नाही, हा त्या पद्धतीचा खरा दोष.

मातीची रोधकता मोजण्यासाठी नवे उपकरण लागत नाही. भूगोल वा भूशास्त्र विभाग भूजलाच्या शोधासाठी जे चार इलेक्ट्रोडचे रोधकतामापक वापरतात तेच येथे चालते. चार खुंट्या समान अंतरावर एका रेषेत ठोकून बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडावा आणि आतल्या दोहोंमधील दाब मोजावा. दाब भागिले प्रवाह, गुणिले खुंट्यांमधील अंतर, गुणिले दोन पाय, ही रोधकता. मे महिन्यात एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा मोजणी केल्यास दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांना एकत्र काम करता येते.

वाईट जमीन नेहमीच वाईट नसते, हेही येथे नोंदविले पाहिजे. शंभर मीटर अंतरावरील दोन इलेक्ट्रोड तारेने जोडले तर प्रवाह जमिनीत खोलवर उतरून परततो आणि जमिनीखाली एक प्रचंड चौकट तयार होते. जमिनीची रोधकता जितकी अधिक तितकी ही चौकट खोल. १०० ओहम-मीटरच्या मातीत ८.२७ किलोहर्ट्झचा प्रवाह साधारण ५५ मीटरपर्यंत शिरतो, १००० ओहम-मीटरच्या खडकात सुमारे १७५ मीटरपर्यंत. अमेरिकेच्या नौदलाने ७६ हर्ट्झची आपली केंद्रे विस्कॉन्सिन आणि मिशिगनमधील प्राचीन, कमी वाहक खडकाच्या प्रदेशात उभारली ती याच तत्त्वावर. २००४ मध्ये ती बंद झाली. कोकणातील जांभ्याच्या सड्यावर ज्याला उभ्या अँटेनासाठी चांगली जमीन मिळत नाही, त्याच्या पायाखाली या दुसऱ्या प्रकारच्या अँटेनासाठी उत्तम जमीन असते.

शून्यबिंदू आणि गोंगाट

ग्रहणासाठी अँटेना कार्यक्षम असण्याची गरज नसते. या पट्ट्यात आकाशातील विजांचा गोंगाटच इतका प्रबळ असतो की एक मीटरची दांडी आणि एक चांगला विवर्धक पुरतो. मोठी तार संकेताबरोबर गोंगाटही त्याच प्रमाणात वाढविते. तेव्हा प्रश्न असतो तो केवळ घरातल्या गोंगाटाचा. एलईडी दिव्यांचे चालक, मोबाइलचे चार्जर, सौर इन्व्हर्टर या सर्वांत प्रवाहाची उघडझाप काही किलोहर्ट्झ ते शेकडो किलोहर्ट्झ वेगाने चालते. ग्राहकाच्या पडद्यावर तिच्या रेषा व्हीटीएक्सच्या शेजारी उभ्या राहतात. वीजपुरवठा गेल्यावर पडदा निवळावा अशी अपेक्षा असते. हल्ली मात्र त्याच क्षणी शेजारपाजारचे इन्व्हर्टर सुरू होतात.

निरीक्षणस्थानाने गोंगाटापासून दूर जावे, ही गोष्ट मुंबईला नवी नाही. कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेच्या नोंदी विजेच्या ट्रामगाड्यांनी बिघडणार हे ध्यानात आल्यावर १९०४ मध्ये अलिबागला पर्यायी वेधशाळा सुरू करण्यात आली. आजच्या नवी मुंबईतील भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा वारसा त्या दोन वेधशाळांचा आहे. घरगुती अभ्यासकाला अलिबाग गाठणे शक्य नसते, पण परसातील वीस मीटरही पुष्कळ असतात.

वीस मीटर दूर नेलेली दांडी अनेकदा घरातल्याइतकाच गोंगाट देते आणि अभ्यासक बुचकळ्यात पडतो. याचे कारण दुसऱ्या कामात आहे. दांडीचा विवर्धक दोन बिंदूंमधील दाब मोजतो : एक बिंदू दांडी, दुसरा कोॲक्सिअल केबलचे जाळीदार आवरण. हे आवरण घरात संगणकाला, संगणकाची पेटी पुरवठ्याच्या अर्थिंगला आणि ती अर्थिंग घरातील प्रत्येक चार्जरच्या गळतीप्रवाहाला जोडलेली असते. घरचे अर्थिंग म्हणजे शून्य दाब, ही समजूत ५० हर्ट्झच्या सुरक्षेपुरती चालते. मायक्रोव्होल्टच्या मोजणीत ते वर-खाली हलणारे टोक असते आणि केबल ते हलणे थेट दांडीच्या पायथ्याशी पोचविते. दांडी स्थिर आहे, शून्य हलत आहे. विवर्धकाला दोहोंतला फरक कळत नाही.

उपाय दोन आणि ते एकत्र करावेत. दांडीच्या पायथ्याशी स्वतंत्र सळई ठोकून केबलचे आवरण तिथे जोडावे, म्हणजे शून्य स्थानिक मातीचे होईल. घराच्या टोकाला केबल आणि संगणक यांच्यामध्ये विलगक रोहित्र घालावे. फेराइटच्या कड्यावर दोन गुंडाळ्या समोरासमोरच्या बाजूंवर घेतल्या की त्यांच्यातील धारकता कमी राहते. एकावर एक गुंडाळल्यास गोंगाट धारकतेतून उडी मारून पलीकडे जातो. विवर्धकाला वीज बॅटरीने द्यावी. तो ५० मिलिअँपिअर घेत असेल तर ७ अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांहून अधिक चालते. अडॅप्टरने वीज दिली की रोहित्राने तोडलेला दुवा मागच्या दाराने पुन्हा जुळतो. दांडी बांबूवर किंवा पीव्हीसी नळीवर तीन-चार मीटर उंच ठेवणे पुरेसे असते.

सदनिकेत राहणाऱ्याला परस नसते आणि गच्चीवरील सळई जमिनीत जात नाही. त्याने दांडीचा नाद सोडून चौकटीचा अँटेना करावा. एक मीटर बाजूच्या लाकडी चौकटीवर मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळणाऱ्या तारेचे पन्नास वेढे, म्हणजे दोनशे मीटर तार. क्षेत्राची तीव्रता मीटरला एक मिलिव्होल्ट असेल तर १८.२ किलोहर्ट्झला अशा चौकटीत सुमारे १९ मायक्रोव्होल्ट प्रवर्तित होतात, आणि साधारण साडेसात नॅनोफॅरडच्या धारित्राने तिचे अनुस्पंदन साधता येते. चौकट लहरीचा चुंबकीय भाग टिपते. दाब तिच्या स्वतःच्या दोन टोकांमध्ये मोजला जातो, त्यामुळे शून्यासाठी जमिनीची गरजच उरत नाही. शिवाय ती फिरवून एखाद्या गोंगाटाच्या उगमाला तिच्या आंधळ्या दिशेत टाकता येते. दांडीच्या तुलनेत तिचा संकेत क्षीण असतो आणि ती बांधायला वेळ लागतो. तरीही शहरी महाविद्यालयांनी चौकटच प्रथम निवडावी, असे अनुभवी निरीक्षकांप्रमाणे तत्त्वही सांगते.

संरक्षण

गोंगाट अर्थिंगमधून येतो हे एकदा लक्षात आले की काही जण सर्वांत सोपा उपाय करतात. संगणकाच्या प्लगची तिसरी, जाड पिन तोडतात किंवा दोन पिनांचा जोड वापरतात आणि म्हणतात, बागेत सळई आहेच. पडदा निवळतो, त्यामुळे उपाय योग्य होता असे वाटते. तिसरे काम पहिल्या दोहोंत मिसळले की काय होते हे पुढील हिशेबातून दिसेल.

संगणकाच्या पुरवठ्यात फेज आणि न्यूट्रल या दोहोंपासून पेटीकडे छोटी धारित्रे जोडलेली असतात. अर्थिंग तोडताच पेटी दोहोंच्या मधोमध, सुमारे ११५ व्होल्टांवर तरंगते. हाताला मुंग्या येतात तो हा दाब; प्रवाह अल्प असल्याने तो सहसा घातक नसतो. घातक स्थिती येते ती पुरवठ्यातील विलगन फुटल्यावर. मग पूर्ण २३० व्होल्ट पेटीवर, तिथून केबलच्या आवरणावर आणि बागेतील सळईवर येतात. सळईचा रोध ३३ ओहम असेल तर सुमारे ७ अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. घरातील १६ अँपिअरचे एमसीबी त्याला साध्या भाराइतकेच मानते आणि पडत नाही. दीड किलोवॅटहून अधिक उष्णता मातीत जिरत राहते, केबल व सळई जिवंत राहतात आणि सळईभोवतीच्या ओल्या मातीवर अनवाणी चालणाऱ्याच्या दोन पावलांमध्येही दाब उभा राहतो. माती जितकी वाईट तितका प्रवाह कमी, आणि एमसीबी पडण्याची शक्यताही तितकीच कमी. अँटेनाची सळई पुरवठ्याच्या अर्थिंगची जागा घेऊ शकत नाही, ती या अंकगणितामुळे.

पुरवठ्याचे संरक्षक अर्थिंग अखंड ठेवावे आणि मंडलात ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी असावे. गोंगाटाचा दुवा तोडायचा तो रोहित्राने, संकेताच्या मार्गात. संरक्षणाच्या मार्गात कधीही नाही.

आकाशातील विजेचा विचार याहून वेगळा आहे. जवळ पडलेल्या विजेचा प्रवाह ३० हजार अँपिअर धरला आणि तो १० ओहमच्या जमिनीत शिरला, तर त्या जागेचा दाब क्षणभर तीन लाख व्होल्टांनी वर जातो. वीस मीटरवरील घराच्या अर्थिंगचा दाब तितका वर जात नाही. दोन्ही अर्थिंगमधील हा प्रचंड फरक जोडणाऱ्या एकमेव वस्तूवर, म्हणजे विलगक रोहित्रावर आणि त्यामागील संगणकावर, कोसळतो. तत्त्वाप्रमाणे एका आवारातील सर्व अर्थिंग एकमेकांना जाड वाहकाने जोडलेली असली पाहिजेत. भारतीय मानक आयएस ३०४३ चाही कल तोच आहे. परंतु जोडली की गोंगाट परत येतो. या पेचातून मार्ग विलगक स्फुलिंग-अंतराचा. वायूभरित संरक्षक नळी दोन्ही अर्थिंगच्या मध्ये, घराबाहेर, जाड व आखूड तांब्याच्या तारांनी जोडावी. एरवी ती उघडी असते आणि गोंगाटाला वाट देत नाही. ठरावीक दाबापलीकडे ती पेटते आणि क्षणार्धात दोन्ही टोके एक करते. थेट जवळ पडलेल्या विजेपुढे ही नळीही अपुरी ठरू शकते, म्हणून वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत गडगडाट ऐकू येण्यापूर्वीच केबल घराबाहेर सोडवून ठेवण्याची शिस्त हवी. केबल सोडविण्याची जागा भिंतीच्या बाहेर असावी. घरात येऊन सोडविलेले टोक टेबलावर पडून राहिले तर उपयोग नाही.

उभारणीचा क्रम

प्रथम अँटेनाशिवाय गोंगाट पाहावा. संगणक बॅटरीवर चालवून आणि साउंड कार्डाच्या प्रवेशद्वारावर केवळ एक रोध लावून जो आलेख मिळतो तो यंत्राचा स्वतःचा गोंगाट. नंतर विवर्धक जोडावा, पण दांडीऐवजी तिच्याइतक्या धारकतेचे, सुमारे १० पिकोफॅरडचे धारित्र धातूच्या डबीत लावावे. या अवस्थेत पडद्यावर जे काही दिसते ते आकाशातून आलेले नसते, केबल आणि अर्थिंगमधून आलेले असते. रोहित्र, बॅटरी आणि सळई यांची जुळणी याच टप्प्यात करावी आणि पडदा पुरेसा निवळल्यावरच दांडी लावावी. बहुतेक जण उलट करतात : आधी अँटेना, मग तक्रार.

दांडी लावल्यावर १८.२ आणि १९.८ किलोहर्ट्झच्या पट्ट्या दिसल्या म्हणजे काम झाले असे नाही. सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या सुमारास तीव्रतेत ठळक बदल दिसला पाहिजे. हा बदल दिसत नसेल तर जी रेषा व्हीटीएक्स समजून नोंदविली जात आहे ती एखाद्या इन्व्हर्टरची असण्याचा संभव मोठा. १८.२ किलोहर्ट्झ ही ५० हर्ट्झची नेमकी ३६४ वी पट आहे, हेही विसरू नये. रेषेची रुंदी पाहिली की उलगडा होतो : संदेशवाहक लहर शे-दोनशे हर्ट्झ पसरलेली असते, तर पुरवठ्याची पट बारीक असून तिच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर तशाच बहिणी उभ्या असतात.

नोंदवहीत तीव्रतेबरोबर सळईचा रोध, मातीची ओल आणि केबल सोडविल्याच्या वेळा लिहाव्यात. मेमध्ये हळूहळू वाढत जाणारा आणि पहिल्या पावसानंतर एकाएकी खाली येणारा गोंगाट हा सूर्याचा नसून सळईचा असतो, आणि या नोंदी नसतील तर त्याचा अर्थ आयनांबरात शोधला जाण्याची भीती असते. २ ऑगस्ट २०२७ रोजी सायंकाळी भारताच्या बऱ्याच भागातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. ग्रहणाचा आणि सूर्यास्ताचा परिणाम त्या दिवशी आलेखावर एकमेकांत मिसळणार असल्याने आधीच्या निदान पंधरा दिवसांच्या शांत नोंदी हाताशी हव्यात. पावसाळ्यातील ओली जमीन त्या वेळी सळईच्या बाजूने असेल.